सोळावी खुंटी

जावा-जावा उभा दावा, असं म्हणतात. आमचा दावा एका खुंटीवरून होता, आणि मी तो जिंकायचाच असं ठरवलं होतं.

आमचं लॉज डोंगराच्या खिंडीत आहे. खालच्या गावातून पाच तास चढायचं. पीठ, बटाटे, रॉकेल, सगळं माणसाच्या पाठीवरून वर येतं. खोल्या आठ, स्वयंपाकघर एक, आणि दारातून आत आलं की एक लांबट खोली, तिला आम्ही बूटघर म्हणतो. तिथं भिंतीवर सोळा खुंट्या आहेत, प्रत्येकीवर रंगानं नंबर घातलाय. खाली फळीवर त्याच नंबरच्या लोकरी सपाता. आत आलात की बूट आपल्या खुंटीवर टांगायचे आणि सपाता घालायच्या. बाहेर जाताना उलट. रोज दुपारी चार वाजता मी खुंट्या मोजते. जिच्यावर बूट नाहीत तिचा माणूस अजून डोंगरावर आहे. मग घंटा वाजवायची, आणि अर्ध्या तासात तो आला नाही तर दोर आणि कंदील घेऊन निघायचं.

ही पद्धत माझ्या सासऱ्यांची, मामंजींची. त्यांच्या काळात एकदा धुक्यात दोन माणसं बाहेर राहिली आणि आत सगळे जेवत बसले. ती दोघं परत आली नाहीत. तेव्हापासून दारावर पाटी आहे: 'एक माणूस, एक खुंटी. खुंटीशी खेळेल तो त्याच दिवशी खाली जाईल.' नुसती पाटी नाही. गंमत म्हणून दुसऱ्याच्या खुंटीवर बूट टांगणाऱ्या सख्ख्या मेहुण्याला मामंजींनी भर पावसात खाली पाठवलं होतं.

एक नंबरची खुंटी शेगडीच्या धुराड्याला लागून आहे. संध्याकाळी टांगलेले बूट सकाळी खडखडीत कोरडे मिळतात. ती खुंटी लॉज चालवणाऱ्याची. सोळावी दाराच्या फटीपाशी आहे. तिथं टांगलेले बूट सकाळी आणखी ओले वाटतात. एक नंबर नऊ वर्षं माझी होती. त्याआधी सहा वर्षं थोरलीची, म्हणजे माझ्या मोठ्या जावेची. मुलांच्या शाळेसाठी शहरात जाताना तिनं माझ्या हातात किल्ल्या दिल्या आणि म्हणाली, "जमेल तसं कर. बिघडलं तर कळव." नऊ वर्षांत मी काही कळवलं नाही, कारण काही बिघडलंच नाही.

या हंगामात ती पाठीवर पिशवी टाकून परत उगवली. मुलं मोठी झाली, शहरात करमत नाही, म्हणाली. आयत्या बिळावर नागोबा! मामंजी गुडघ्यांमुळं आता खालीच असतात. त्यांचा निरोप आला, पहिल्या बर्फाआधी ठरवीन, किल्ल्या कुणाकडं राहतील ते. आमचे दोघींचे नवरे खाली मालाचं बघतात. बायकांच्या भांडणात पडायचं नाही, हे त्या दोघा भावांना शिकवावं लागलं नाही.

मला लॉज हवं होतं. दुसरं काही येत नाही मला, आणि यायलाही नको आहे. खाली मामंजींच्या घरात मी धाकटी सून. इथं वर माझ्या शब्दावर लोक जेवतात, झोपतात, उठतात. ते मी फुकटात सोडणार नव्हते.

आल्याच्या तिसऱ्या दिवशी थोरलीनं माझे बूट काढून स्वतःचे एक नंबरवर टांगले. मी ते खाली ठेवले. तिनं पुन्हा टांगले. असं चार दिवस चाललं. मग मी युक्ती केली. माझ्याकडं तळ निघालेला एक जुना जोड होता. तो मी एक नंबरवर सुतळीनं गाठ मारून पक्का बांधला आणि घालायचे बूट दोनवर टांगले. पाहुण्यांनी मधल्या खुंट्या घेतल्या होत्या. दारापाशी फटीतून पाणी येणाऱ्या दोन-तीन उरल्या, त्यातली सोळावी थोरलीनं घेतली. गाठ बघून ती म्हणाली, "हे मामंजींना दाखवू का?"

"दाखवा. तुम्ही चार दिवस काय करत होता तेही दाखवा."

त्यानंतर आम्ही एकमेकींशी बोललो नाही. अकरा दिवस. जे काही बोलायचं ते दंतवैद्यांमार्फत. हे गृहस्थ दर वर्षी महिनाभर येतात, हवेला, पायऱ्यांना आणि माझ्या सुपाला नावं ठेवतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा येतात. बिचारे दोघींच्या मध्ये बसायचे. थोरली म्हणायची, "त्यांना सांगा, मीठ जास्त झालंय." मी म्हणायची, "त्यांना सांगा, बशी तिथंच ठेवून उठता येतं." दंतवैद्य म्हणायचे, "मी दात काढायला शिकलो, निरोप्याचं काम शिकलो नाही." पण सांगायचे.

त्या दिवशी सकाळी टाकीत पाणी येईना. वरच्या झऱ्यापासून लॉजपर्यंत नळी आहे, तिच्या तोंडाशी चिखल अडकतो. आदल्या दिवशी पावसात थोरली खालच्या वाटेपर्यंत जाऊन आली होती, तिचे बूट निथळत होते. ती टेबलाशी म्हणाली, "त्यांना सांगा, नळी तुंबलीय. दुपारपर्यंत टाकी कोरडी होईल."

मी पीठ मळत होते. मान वर न करता म्हटलं, "त्यांना सांगा, ज्यांना लॉज चालवायची हौस आहे त्यांनी जावं. सहा वर्षं केलंय म्हणे."

दंतवैद्यांनी हे काही सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती, ती समोरच बसली होती. ती उठून गेली. मला इतकं बरं वाटलं की मी कणकेला दोन गुद्दे जास्त मारले.

एक वाजता धुकं उतरलं. अंगणातली घंटासुद्धा दिसेना. दीडच्या सुमाराला नळाला धार आली. मी मनात म्हटलं, गेली वाटतं, आणि टाकी भरून घेतली. तिचे आभार मानायचा विचार मनात आला नाही, हे खरं ते सांगते.

चारला मोजलं. अकरा पाहुणे आणि आम्ही दोघी, तेरा माणसं. माझा बांधलेला जोड सोडून तेरा जोड. सोळावीवर थोरलीचे बूट होते. म्हणजे ती आत. मी घंटेकडं गेले नाही. सूप चढवलं.

पाचला सगळे जेवायला बसले. एक वाडगा उरला. दंतवैद्य म्हणाले, "मोठ्या बाई नाही आल्या?"

"बूट खुंटीवर आहेत. खोलीत असतील, तोंड फुगवून."

"दार वाजवून बघू का?"

"बसा तुम्ही. भूक लागली की येतील. मी कुणाचं दार वाजवणार नाही आणि तुम्हालाही वाजवू देणार नाही."

ते बसले. मी त्यांच्या वाडग्यात आणखी एक पळी घातली, तोंड बंद राहावं म्हणून.

भांडी घासायला घेतली. नळाची धार चांगली जोरात होती, आणि ती बघताना मला कसलीतरी चुटपुट लागली. झऱ्यापाशी पोटरीपर्यंत लाल चिखल असतो. तिथं जाऊन आलेले बूट लपत नाहीत. मी हात तसेच ओले ठेवून बूटघरात गेले. सोळावीवरच्या बुटांना लाल चिखलाचा ठिपकाही नव्हता. आत बोट घातलं तर आदल्या दिवशीचं पाणी तसंच, बर्फासारखं. असे बूट कुणी पायात घातले नसते. आणि फळीवर सोळा नंबरच्या सपाता नव्हत्या.

धावत जाऊन तिच्या खोलीचं दार ढकललं. अंथरूण नीट घडी घातलेलं होतं, खिडकी बंद, माणूस नाही.

"घंटा वाजवा!" मी दंतवैद्यांवर ओरडले. "थांबायचं नाही. हात तुटला तरी थांबायचं नाही!"

एका धडधाकट पाहुण्याला बरोबर घेतलं, दोर घेतला, दोन कंदील घेतले. झरा वीस मिनिटांवर आहे. आम्ही दहा मिनिटांत गेलो असू, की तासात, मला सांगता येणार नाही. वाटभर मी स्वतःलाच शिव्या देत होते आणि मधूनमधून तिलाही. सपाता घालून कुणी डोंगरावर जातं? तिथं पंधरा मिनिटांचं तर काम, असं म्हणाली असेल. माझ्यासमोर ओले बूट घालून, पाय ओढत जायचं नसेल तिला. मी असते तर मीही हेच केलं असतं.

ती झऱ्याच्या खालच्या खडकाशी बसली होती. एक सपात पायात, दुसरी कुठंतरी गेलेली. गुळगुळीत तळाची सपात ओल्या दगडावरून सटकली होती. डावी नडगी मोडली होती. उघड्या पायाची बोटं कंदिलाच्या उजेडात बघवेनात. मी माझी लोकरी टोपी काढून त्या पायावर ओढली.

अकरा दिवसांनी ती माझ्याशी पहिल्यांदा थेट बोलली. "चारला घंटा वाजली नाही."

"तुमचे बूट खुंटीवर होते."

"मी मोजत बसले होते. म्हटलं, चार वाजले असतील, आता वाजेल. मग म्हटलं, मुद्दाम वाजवत नाहीये."

"मुद्दाम नाही, जाऊबाई."

"मुद्दामच. सगळं मुद्दामच. उचल आता, की दंतवैद्यांमार्फत सांगू?"

मी तिला पाठीवर घेतलं. सबंध वाटभर ती माझ्या कानाशी दात कडकडा वाजवत होती आणि मधेच म्हणत होती, "डावीकडं दगड आहे. डावीकडं. नऊ वर्षांत वाट पाठ झाली नाही?" सुंभ जळला तरी पीळ जात नाही. घंटा ऐकू येत होती, त्या आवाजाकडं चालत होते.

तिला शेगडीपाशी निजवलं. पाहुणा फोनला रेंज मिळते त्या टेकाडावर जाऊन खाली कळवून आला. दंतवैद्यांनी नडगीला फळ्या बांधल्या. बोटं बघून मला बाजूला घेऊन म्हणाले, "दोन जातील, मला वाटतं. मी दातांचा डॉक्टर आहे, पण एवढं कळतं."

मी बूटघरात गेले आणि एक नंबरवरची सुतळी सोडायला लागले. माझीच गाठ मला सुटेना. शेवटी सुरीनं कापली आणि तो जोड शेगडीत घातला. रबराच्या धुरानं सगळे खोकत उठले. थोरली पडल्या पडल्या बघत होती.

सकाळी स्ट्रेचर घेऊन खालून माणसं आली. ते चहा पीत होते तेवढ्यात मी तिच्याशी जाऊन बसले.

"मी येते तुमच्याबरोबर खाली. मामंजींना स्वतः सांगते. खुंटी मी अडवली, बूट वाळले नाहीत ते माझ्यामुळं. पाटीवर लिहिलंय तसं होऊ दे."

ती माझ्याकडं बघून हसली. पूर्वी कधी हसली असेल माझ्याकडं बघून, मला आठवत नाही.

"सांगून मोकळी होणार?"

"खरं ते सांगणार."

"तू सांगितलंस तर मी म्हणेन, खोटं बोलतेय, माझी दया येऊन. सपाता घालून मी गेले. माझी चूक. मामंजी माझ्यावर विश्वास ठेवतील, तू त्यांना कधीच आवडली नाहीस."

"असं का करता?"

"या पायानं मी पुन्हा पाच तास चढणार आहे का? संपलं माझं इथलं." तिनं उशाशी ठेवलेल्या पिशवीतून किल्ल्यांचा दुसरा जुडगा काढला. नऊ वर्षं तो हरवला म्हणून मी शोधत होते. तो माझ्या मांडीवर टाकला. "घे. राहा. तुला खाली पाठवलं तर वर्षभरात विसरशील. इथं राहा. रोज चार वाजता मोज."

माणसांनी स्ट्रेचर उचललं. दंतवैद्यही त्यांच्याबरोबर निघाले, माझ्या सुपाला नावं न ठेवता. वळणावर थोरलीनं हात वर केला. मला नव्हे, पुढच्या माणसाला, सावकाश चाल म्हणून.

मला हवं होतं ते सगळं मिळालं. खुंटी, किल्ल्या, लॉज. दुसऱ्या दिवशी खालून मामंजींचा निरोपही आला, तूच बघ आता सगळं. माझे बूट मी सोळाव्या खुंटीवर टांगले. एकावर कुणीतरी ओलं जॅकेट अडकवलं होतं, त्याच्यावर मी एवढी ओरडले की तो माणूस माफी मागून खोलीत जाऊन बसला.

चार वाजले. दहा पाहुणे आणि मी, अकरा माणसं. अकरा जोड, अकराही जणांच्या सपाता पायात. बाहेर लख्ख ऊन होतं. तरी मी जाऊन एकेक दार वाजवलं, आतून 'ओ' आल्याशिवाय पुढं सरकले नाही. शेवटची खोली थोरलीची. ती रिकामी आहे हे मला माहीत होतं. तेही दार मी वाजवलं, आणि थांबले.