ऐरणीवर आलेला फॉर्म

मी ऐरण बोलतेय. हळू बोलायची मला सवय नाही. नव्वद किलोची आहे मी, आणि सत्तर वर्षं मार खाऊन उभी आहे. तुमच्यात आहे का कुणी असं?

माझा जन्मच मारातला. लालभडक पोलाद घणाखाली घातलं आणि शिंग फुटेपर्यंत ठोकलं. मग अमेरिकेतल्या आयसेलिन गावाजवळच्या एका हायस्कुलात आणून टाकलं, लोहारकामाच्या वर्गात. मला कुणी काही शिकवलं नाही. पोरांच्या शिव्या ऐकून इंग्रजी शिकले, स्पॅनिश शिकले. मराठी अनयामुळे आली. हातोडा बोटावर बसला की ती पोरगी आईच्या भाषेत किंचाळते.

परीक्षेत आपटलेला मला मारतो, प्रेमात आपटलेला मला मारतो. मीही काही सोशिक बाई नाही. जो मन लावून मारत नाही, त्याचा हातोडा उलटा त्याच्या कपाळाकडे उडवते. अनयाचा कधी उडवला नाही.

गेल्या मार्चमध्ये शाळा सुटल्यावर तिचे वडील, श्रीरंग, वर्गात घुसले. अनया तेव्हा अकरावीत. बारावीच्या विषयांचा फॉर्म त्यांच्या मुठीत होता. माझा वर्ग खोडून तिथं एपी, म्हणजे कॉलेजच्या तोडीची, केमिस्ट्री लिहिली होती, कॉलेजवाल्यांवर छाप पडावी म्हणून. त्यावर आमच्या मास्तरीणबाईंची, मिस डफींची, सही हवी होती. फॉर्म श्रीरंगनं थाडकन माझ्यावर आपटला. प्रश्न ऐरणीवर येतो म्हणतात ना, तो असा.

"सही करा. माझी मुलगी लोहार होणार नाही."

"तीन एपी आहेतच की तिला," बाई म्हणाल्या. "आणि कॉलेजसाठी शिफारसपत्र मी लिहितेय. तिनं मागितलंय."

"पत्र आहे आमच्याकडे! आमच्या मंडळाचे केदार, बँकेत व्हाइस प्रेसिडेंट आहेत. लिहूनसुद्धा दिलंय."

"बाबा, केदारकाकांनी माझं नाव अनिका लिहिलंय!"

"टायपो असतो तो."

"चार वेळा?"

शिफारस म्हणजे आपल्याला ओळखणाऱ्यानं लिहायचं पत्र. श्रीरंगच्या डोक्यात तिचा अर्थ एकच, वशिला. खाली सही मोठ्या माणसाची हवी, वर पोरगी कुठलीही चालते!

अनयानं सांडशीनं भट्टीतली सळई ओढली आणि त्या फॉर्मवरच ठेवली. कागद भडकला. तिनं घाव घातला. दुसरा घातला. "माय लाइफ, बाबा! माय लाइफ!" ठिणग्या बापाच्या कोटावर उडाल्या.

बापाचा हात उठला. पोरीच्या हातात हातोडा, आणि ती तसूभर मागे सरेना. आज माझ्या अंगावर रक्त सांडणार, असंच मला वाटलं.

हात तिच्या गालावर पडला नाही. तो वळला आणि माझ्या कडेला ठेवलेली, तिनं नुकतीच घडवलेली बिजागरी उचलायला गेला, भिरकावून द्यायला. काळी दिसत होती ती. अहो, लोखंड काळं पडलं म्हणजे थंड होत नाही! कातडं चर्रकन वाजलं. असा ओरडला तो, की खिडक्या थरथरल्या.

अनयानं हातोडा फेकला, बापाचं मनगट धरलं आणि फरफटत नळाखाली नेलं.

"सोड!"

"नाही. वीस मिनिटं. हलू नकोस, बाबा."

तो हिसडे देत होता, शिव्या देत होता. तिनं पकड सोडली नाही. तीन वर्षं लोखंड धरलेला हात तो. त्याच्यातून बाप काय सुटतो!

दहाव्या मिनिटाला त्याचे हिसडे थांबले. पंधराव्याला तिच्या मनगटावरचे जुने डाग बघत होता, पहिल्यांदाच.

"दुखलं होतं का गं?"

"ऑफ कोर्स दुखलं होतं."

"घरी बोलली नाहीस."

"तू वर्गच बंद केला असतास."

वीस मिनिटं झाली, तेव्हा त्यानंच नळ बंद केला.

बाईंनी नवा फॉर्म आणला. त्यानं पालकाच्या जागी डाव्या हातानं, वाकडीतिकडी सही केली. केमिस्ट्रीच्या जागी पुन्हा माझा वर्ग आला. जाताना दारात थांबून म्हणाला, "पत्र तुम्हीच लिहा. आजचं लिहिलंत तर हात कुणी भाजून घेतला, तेही लिहा. माझं नाव चुकवू नका."

पत्र गेलंय. कॉलेजकडून अजून काही आलेलं नाही, आणि काय येईल ते मी सांगणार नाही. मी ऐरण आहे, ज्योतिषी नाही. आईबापांनो, लेकीसाठी मोठी नावं शोधत फिरण्याआधी तिचे हात एकदा उलटसुलट करून बघा. एवढंच सांगायचं होतं. ती बघा, बारावीतली अनया भट्टी पेटवतेय. बाजूला सरा, ठिणगी ओळख बघून उडत नाही.