ऊब लागेपर्यंत

कंडक्टर उलटा चालत आला आणि उलटाच प्लॅस्टरच्या बादलीत बसला.

"हसू नका," तो बादलीतूनच म्हणाला. "मी हसलो तर बाद."

गणिताच्या बाईंनी रुमालाचा बोळा तोंडात कोंबला. कवळीवाल्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. तिथे फळीवर गिऱ्हाइकांच्या जबड्यांचे साचे होते आणि ते मात्र सगळेच्या सगळे दात काढून हसत होते.

दर रविवारी दुपारी कवळीवाल्याच्या वर्कशॉपमध्ये हा खेळ चाले. फासे टाकायचे आणि मनाने रचलेल्या देशातल्या, मनाने रचलेल्या माणसांसारखं बोलायचं, भांडायचं, राज्यं घालवायची. जुना नकाशा उंदरांनी खाल्ला होता, तोही राजधानीपासून सुरुवात करून. म्हणून कवळीवाल्याने दातांच्या प्लॅस्टरचा नवा ओतला, पण त्यात तीनच मुलूख मावले. आता कुठले लोक ठेवायचे? परीक्षा एकच. चहा संपेपर्यंत त्या लोकांसारखं जगून दाखवायचं. जे चहाला टिकत नाहीत, ते लढाईला काय टिकणार?

कंडक्टरचे उलटपाये बादलीसकट पास झाले. बाईंचे शंकेखोर, म्हणजे प्रश्नाला प्रश्नानेच उत्तर देणारे, तेही पास. त्यासाठी बाईंना वेगळं काही करावंच लागलं नाही.

एक जागा उरली.

"माझे झोपाळे घ्या," कंडक्टर पँट झटकत म्हणाला. "सगळा राज्यकारभार झोपेत. माझी तर ड्यूटीवर प्रॅक्टिस झालीय."

"ताईचे हातोहाती आहेत की," कवळीवाला म्हणाला.

सगळ्यांनी ताईकडे पाहिलं. ताई, त्याची थोरली बहीण, टेबलाच्या खिडकीकडच्या टोकाला खुर्चीत बसली होती. जन्म तिने तिकीटखिडकीत काढला. काचेखालच्या फटीतून हात यायचे, हात जायचे. तोंडं तिने फारशी पाहिलीच नाहीत. त्यातूनच तिचे हातोहाती जन्माला आले. हे लोक काही साठवत नाहीत. हाताला येईल ते ऊब लागेपर्यंत धरायचं, मग पुढच्याला द्यायचं. खाली टेकवलं, की तो माणूस त्यांच्यातून उठला.

पण अर्धांगाचा झटका आल्यापासून ताईचा उजवा हात गेला होता, वाचा गेली होती. डावा शाबूत होता, पण ती तो मांडीवरून उचलत नव्हती. "त्याला काही झालेलं नाही," डॉक्टर म्हणायचे, "त्यांच्याच मनात नाही."

"राग मानू नका," बाई हळूच म्हणाल्या, "पण त्यांच्या वतीने खेळणार कोण?"

"मी खेळतो."

"मग ते तुमचे झाले. ताईंचे कुठे राहिले?"

"बाई, तुमची परीक्षा संपली. आता प्रश्न पुरे!" कवळीवाला तडकला. एवढा एक मुलूख गेला, की टेबलाशी ताईची खुर्ची कशाला ठेवायची, हे त्याला कळत नव्हतं. "चला, घ्या परीक्षा."

त्याने वाफाळता कप कंडक्टरच्या हातात दिला.

"ऊब लागली!" कंडक्टर ओरडला. "ऊब काय, कातडं गेलं!" कप बाईंकडे, बाईंकडून परत कवळीवाल्याकडे. त्याने तो झटकन टेबलावर ठेवला.

"टेकवलात," कंडक्टर फुंकर मारत म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद नव्हता.

तेवढ्यात दारात पैलवान आजोबा उभे राहिले. वय झालेलं, तोंडाचं बोळकं, पण छाती अजून पुढे.

"माझी कवळी द्या. आणि आज बसली नाही, तर मी इथेच बसतो."

कवळीवाल्याने वाटीतल्या पाण्यातून कवळी काढली आणि खेळाच्या भरात कंडक्टरच्या हातात ठेवली. कंडक्टरने सवयीने पुढे दिली. बाईंच्या तळहातावर ते गार, ओलं, गुलाबी काहीतरी पडलं, तशा त्या किंचाळल्या आणि त्यांनी ते उडवलं. ते गेलं थेट ताईच्या मांडीवर.

ताईने खाली पाहिलं. मग तिचा डावा हात हलला. एखादं पाखरू धरावं तशी तिने कवळीवर मूठ मिटली.

कंडक्टरने फुंकर थांबवली. आजोबांचं तोंड उघडं होतं, ते तसंच राहिलं. ताई कोणाकडेच बघत नव्हती. ती मुठीतला गारवा जाण्याची वाट बघत होती, आणि तिच्याबरोबर सगळं वर्कशॉप, अगदी फळीवरचे ते निर्लज्ज जबडेसुद्धा. इतकी वर्षं ज्या लोकांबद्दल ते नुसते बोलत होते, त्यांच्यातलं एक माणूस समोर बसलं होतं.

मग ताईचा हात उचलला गेला, हळूहळू पुढे झाला आणि आजोबांसमोर उघडला.

आजोबांनी दोन्ही हातांनी कवळी घेतली. तोंडात बसवली. एकदा हवा चावून पाहिली.

"ऊबदार आहे," ते चकित होऊन म्हणाले. मग हळूच, "बसली."

"आजवर तुमची कवळी अशी बसली होती का हो कधी?" बाई डोळे पुसत कवळीवाल्याला म्हणाल्या.

ताईचा हात तसाच पुढे होता. रिकामा, उघडा. टेबलावर चहाचे कप भरलेलेच होते. कप टेकवला होता तो कवळीवाल्याने, ताईने नाही; परीक्षा अजून चालू होती. कवळीवाल्याने त्या तळहातावर फासा ठेवला. बोटं मिटली.

फासा गार होता. कोणी घाई केली नाही.