हात मांडीखाली

जंगलात सुट्टीला गेल्यावर तंबूत राहायचं की खोलीत, यावर या नवराबायकोचं लग्नापासून एकमत नव्हतं. यात नवल काही नाही. नवल एवढंच, की उन्हातान्हात राबणारा नवरा खोलीच्या बाजूने होता आणि एसीत नोकरी करणारी बायको तंबूच्या.

नवरा विजेच्या तारांचे टॉवर उभारणाऱ्या कंपनीत फोरमन होता. वर्षातला बराचसा काळ तो माळावर, डोंगरउतारावर, ताडपत्रीखाली काढायचा. बादलीतलं पाणी, बुटातला विंचू, उशाशी हेल्मेट. निसर्गाबद्दल त्याला आदर होता, पण तो ऑफिसबद्दल असतो तसला. रजा घेऊन कोणी ऑफिसात जात नाही, असं त्याचं म्हणणं.

बायको एका मोठ्या हॉटेलात हाउसकीपिंगची सुपरवायझर. पांढरी चादर दिसली की तिचा हात आपोआप कोपऱ्याकडे जायचा. तंबूत आरसा नसतो, नळ नसतो, कमोड नसतो. म्हणजे पुसायला काही नसतं. याला ती विश्रांती म्हणायची.

तेव्हा एक वर्ष तंबू, एक वर्ष खोली, असा तह झाला होता. पण गेल्या वर्षी तंबूत काय झालं? पोचल्या पोचल्या नवऱ्याला जमिनीचा उतार पसंत पडला नाही. त्याने तंबू उपटला, भोवती चर खणला, खुंट्या पुन्हा ठोकल्या. मग शेजाऱ्यांचे तंबू वाकडे दिसायला लागले. संध्याकाळपर्यंत अख्खा कॅम्प एका रेषेत उभा होता आणि फांदीवर चढलेल्या एका दंतवैद्याला हेल्मेट नाही म्हणून बोलणी बसली होती. त्याच्या आदल्या वर्षी खोलीत बायकोने गादी उलटी केली होती आणि खालची धूळ मॅनेजरला बोलावून दाखवली होती.

या वर्षी निघायच्या आधी कपड्यांच्या घड्या घालता घालता ती म्हणाली, "हे बघा, यंदाही असंच झालं ना, तर पुढच्या वर्षीपासून तुमची सुट्टी वेगळी, माझी वेगळी. मी मैत्रिणींबरोबर जाईन."

"बरं," नवरा म्हणाला. घड्या घालताना ती थट्टा करत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. वर्षभर तो साइटवर, ती ड्यूटीवर. दोघं सलग एका छताखाली असायची ती याच आठवड्यात. आता तेही छत जाणार.

लेक कॉलेजात होती. ती सुट्टीला येणार नव्हती, पण घरातली पंच होती. तिने कायदा केला. "ज्याचे हात शिवशिवतील त्याने हात मांडीखाली घालून बसायचं. आई, हसू नकोस. तुलाच जास्त लागू आहे. यंदा खोलीची पाळी आहे."

कॉटेज छान होतं. खिडकीबाहेर दाट झाडी, आत दुधासारखी चादर आणि बाथरूममध्ये हवं तेवढं गरम पाणी. नवरा जो शॉवरखाली शिरला तो गाणं म्हणायला लागला. तो बाहेर आला तेव्हा बायको खुर्चीत ताठ बसली होती. हात मांडीखाली.

"काय झालं?"

"कुठे काय?"

"बोल की."

"मला काही दिसलं नाही. नळाच्या मागचा डाग तर अजिबातच दिसला नाही."

"शाब्बास!" नवरा गहिवरून म्हणाला. "अगं, तू तर सुधारलीस."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांनी पाखरं बघायला जायचं ठरलं होतं. तो बूट घालून फाटकाशी उभा राहिला. ती दुर्बीण आणायला मागे गेली आणि बेपत्ता झाली. पाखरं बघणाऱ्यांचा जथा निघून गेला, पाखरंही बहुधा निघून गेली, तेव्हा तो शोधायला निघाला. व्हरांड्यात चादरींची ट्रॉली होती, आणि तिसऱ्या खोलीतून ओळखीचा आवाज येत होता.

"आधी पायाकडचा कोपरा. असा. आता ओढ. बघ, कंबर दुखली का?"

"नाही हो ताई," खोल्या आवरणारी बाई कौतुकाने म्हणाली. "आमच्याकडे हे कोणी शिकवलंच नाही."

नवरा दारात उभा राहिला. बायकोने उशी खाली ठेवली. पकडलं गेल्यावर माणूस आधी चिडतो, तशी ती चिडली.

"सांगितलं होतं ना, खोलीत मी सुट्टीवर नसते म्हणून! दुर्बीण घ्यायला आले, ही बिचारी एकटी गादीशी झोंबत होती. मी काय बघत बसू?"

"मग मी गेल्या वर्षी काय केलं? लोकांचे तंबू पडायची वाट बघत बसायचं होतं?"

"तेच म्हणते मी. आपलं जमायचं नाही. तुम्ही राहा खोलीत आरामात. मागच्या मैदानात तंबू मिळतात भाड्याने. मी जाते."

आणि ती खरंच गेली. पुढच्या वर्षीचा निकाल या वर्षीच लागला.

नवरा खोलीत येऊन पलंगावर आडवा झाला. अशी मऊ गादी मिळावी म्हणून तो वर्षभर झुरायचा. कोपरे अर्थातच तिने जाता जाता नीट केले होते. सुरकुती नाही, डाग नाही, माणूस नाही. थोडा वेळ त्याने छताकडे पाहिलं. मग तो मागच्या खिडकीशी गेला.

मैदानात बायको तंबूशी झगडत होती. तंबूचं तोंड वाऱ्याकडे. खुंट्या सरळ ठोकलेल्या, तिरप्या नाहीत. दोर पायजम्याच्या नाडीसारखा लोंबतोय. त्याच्या अंगाची लाही लाही झाली. त्याने खोलीतली खुर्ची उचलली आणि तो पायऱ्या उतरला.

"खुंटीला हात लावलात तर बघा," बायको वर न बघता म्हणाली.

त्याने तंबूसमोर खुर्ची ठेवली, बसला, आणि दोन्ही हात मांडीखाली घातले.

बायकोने ते पाहिलं. चुकीच्या जागी आणखी एक खुंटी ठोकली. त्याने डोळे मिटून घेतले. तिने विचारलं, "बरोबर आहे का?"

"मला काही दिसलं नाही," तो म्हणाला.

ती हसली. हातोडी टाकली आणि आत शिरली. जरा वेळाने आतून आवाज आला, "या. खुर्चीत किती वेळ बसणार? हाडं दुखतील."

दुपार होती. आत गोणपाटाचा वास होता आणि मधला खांब त्याच्या कपाळापासून वीतभर अंतरावर डुलत होता. तो खांब कोणत्या खुंटीमुळे डुलतोय, हे त्याला कुशीवर वळल्या वळल्या कळलं. तो गप्प राहिला. ती त्याच्या दंडावर डोकं ठेवून झोपली. टॉवरच्या नोकरीतलं सगळ्यात अवघड काम आपण आज करतोय, असं त्याला वाटलं, आणि तोही झोपला.

मग वारा आला. खुंटी त्याला अपेक्षित होती तीच सुटली. खांब सावकाश कलला आणि अख्खा तंबू हळूच, कोणाला न दुखवता, दोघांच्या अंगावर येऊन पडला.

"अहो, काय झालं?" कापडाखालून तिचा आवाज.

"काही नाही. पांघरूण आलं."

तिचा हात सवयीने कापडाच्या कडेला गेला. चाचपून ती म्हणाली, "याचा कोपरा सैल आहे."

"असू दे."

हात थोडा वेळ तिथेच राहिला. मग तिने तो काढून घेतला आणि मांडीखाली घातला. गडबडीत मांडी त्याची होती.