राऊटरवरचा थोरामोठ्यांचा मान

माईंच्या घरात सगळं मानाप्रमाणे चालायचं. सकाळचं गरम पाणीसुद्धा आधी आप्पांना, मग माईंना, मग थोरल्याला; धाकट्या सुनेची बादली भरेपर्यंत पाणी कोमट. त्यामुळे धाकटी जेव्हा म्हणाली, "माई, एका इंटरनेटवर सगळे तुटून पडतात, राऊटरमध्ये प्रत्येकाचा वाटा ठरवून देते," तेव्हा माईंनी फर्मान सोडलं, "ठरव. पण वयाप्रमाणे."

"अहो माई, इंटरनेटला वयाचं काय..."

"मला शिकवू नकोस."

धाकटीने मुकाट्याने आप्पांचा टीव्ही सगळ्यांच्या वर ठेवला, स्वतःचा लॅपटॉप सगळ्यांच्या खाली. वरच्याने मागितलं की खालच्याने थांबायचं.

आणि दुसऱ्याच दिवशी तिची मुलाखत आली, त्याच लॅपटॉपवर. एका मोठ्या कंपनीचं नेटवर्क सांभाळायचं काम. लग्नाआधीपासून पोरीचा त्यावर जीव. माई तोंडाने "बघू" म्हणाल्या, पण आपले मोत्याचे कानातले तिच्या हातावर ठेवून आल्या आणि दाराशी मटार सोलत बसल्या. कान अर्थातच आत.

मुलाखत घेणारी बाई बोलता बोलता पडद्यावर तोंड उघडं टाकून थिजली. आवाज तुटायला लागला. धाकटीचा चेहरा पडला. तेवढ्यात पलीकडून आप्पा ओरडले, "हाण! चितपट कर त्याला!"

माईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्या मटारची परात घेऊनच तरातरा आप्पांकडे गेल्या. "बंद करा ती कुस्ती!"

"का म्हणून? माझा मान पहिला. तूच म्हणालीस," आप्पांनी रिमोट पोटाशी धरला.

माई तशाच परत फिरल्या आणि थेट लॅपटॉपसमोर उभ्या. "पोरी, उतरव त्यांना खाली. मलाही उतरव. ज्याचं काम अडलंय तो वर!"

"काय चाललंय तिकडे?" बाईंचा तुटका आवाज आला.

"घरात वयाप्रमाणे क्रम लावलाय, मॅडम. आत्ता बदलते."

"मग आम्हालाही दाखवा की."

धाकटीने राऊटरचं पान त्यांच्यासमोर उघडलं. कॉलवरचं बोलणं सगळ्यात वर. प्रत्येकाला थोडा हक्काचा वाटा, तो कुणी ओढायचा नाही. उरलेलं, ज्याला लागेल त्याला. थिजलेल्या बाई हलल्या, चक्क हसायला लागल्या. "टीव्ही बंद पडला?"

"नाही, पैलवान जरा धूसर दिसेल, एवढंच."

"अगं, यातला आपला कोणता, ओळखू येईना!" आप्पा पलीकडून.

"जो खाली पडलाय तो तुमचा!" माई गरजल्या. मग पडद्याकडे वळून म्हणाल्या, "मी सासू. वाकडं लावलं ते माझ्या हुकमाने, सरळ केलं ते हिने. आता विचारायचं ते हिला विचारा."

"एकच राहिलंय," बाई म्हणाल्या, "कधीपासून येता?"

धाकटीने माईंना अशी मिठी मारली की मटार घरभर.

"सोड गं, हाडं मोडशील!" माई करवादल्या, नि सुटल्या सुटल्या खिडकीत जाऊन त्यांनी शेजारणीला हाक मारली. बातमी पोचवायला त्यांना राऊटर कधी लागलाच नव्हता.