शिनोळीची माती

परशराम आप्पाला लॉटरीचा नाद लागला तो तिकिटं कागदाची होती तेव्हा. बेळगावच्या बसस्टँडजवळ दोरीला चिमट्यांनी रंगीत तिकिटं लटकवलेली असायची. फौंड्रीतून सुटलेला आप्पा वांगी निवडावीत तसा निवांतपणे त्यातलं एक निवडायचा. पुढं कर्नाटकानं लॉटरीच बंद केली, तेव्हा तो हद्द ओलांडून शिनोळीला जाऊ लागला. तिथल्या टपरीत महाराष्ट्राची तिकिटं मिळायची, नंतर यंत्रही आलं. शेवटी बायकोनं, मालुबाईनं, देव्हाऱ्यापुढं उभं करून शपथ घातली आणि नाद सुटला. खरंच सुटला होता. पण फौंड्रीतून निवृत्त झाल्यावर पोरानं हौसेनं मोबाईल घेऊन दिला, आणि अख्खी लॉटरी घरबसल्या बोटाखाली आली.

अडचण एकच होती. येळ्ळूरच्या घरात ॲप उघडलं की ते म्हणायचं, ही सेवा आपल्या राज्यात उपलब्ध नाही. आता काय म्हणावं या कर्माला! गावासकट महाराष्ट्रात जायचं म्हणून ज्यानं तरुणपणी सीमा आंदोलनात पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या, त्याला मोबाईलसुद्धा कर्नाटकातच धरत होता. आप्पानं त्यावर तोड काढली. दर रविवारी स्कूटर काढायची, हद्दीवरचं बाची गाव मागं टाकायचं, राज्याची पाटी ओलांडली की जांभळीखाली थांबायचं आणि आकडे लावायचे.

एका रविवारी गावातल्या युवराजनं त्याला तिथं पाठमोरा बघितलं. हात छातीशी, मान खाली. पोरगं मोटरसायकल थांबवून जवळ आलं तसा आप्पानं मोबाईल खिशात कोंबला.

"आप्पा, हितं काय करतायसा?"

"काय न्हाय रं," आप्पा गडबडला. "जरा महाराष्ट्रात हुबं ऱ्हावं म्हटलं."

"दर रविवारी येतायसा?"

"व्हय की."

युवराजचे डोळेच भरून आले. तिथंच आप्पाची गाडी घसरली. संध्याकाळपर्यंत गोष्ट गावभर झाली. लोक वाटेत थांबवून त्याच्या पाया पडू लागले. कट्ट्यावर त्याला जागा मिळू लागली, चहाचे पैसे कुणी घेईना. सगळ्यात वाईट घरात झालं. मालुबाई दर रविवारी सकाळी इस्त्रीचा पांढरा सदरा काढून ठेवू लागली. नाद सुटलेल्या माणसानं चांगला ध्यास धरला, असं तिला वाटत होतं. सदऱ्यात हात घालताना आप्पाला स्वतःची शिसारी यायची. आज सांगून टाकू, असं तो रोज ठरवायचा. पण सांगितलं तर लॉटरीची लाज एकट्याची राहणार नव्हती, लाठ्यांचे वळसुद्धा खोटे ठरले असते. म्हणून गप्प बसायचा आणि रविवारी पुन्हा जायचा. नाद तो नादच.

एक नोव्हेंबर, सीमाभाग कर्नाटकात घातल्याचा काळा दिवस, जवळ आला. "औंदा आप्पांच्या संगं समद्यांनी जाऊया," असं युवराजनं ठरवलं. आप्पानं गुडघेदुखी सांगून बघितली. पोरांनी टेंपोत त्याच्यासाठी खुर्ची ठेवली.

सगळ्यांच्या पुढं रुक्माबाई बसली होती. तिच्या नवऱ्यानं सत्याग्रहात तुरुंग भोगला होता, आणि येळ्ळूर महाराष्ट्रात गेलेलं बघायचं राहिलं, म्हणत तो गेला होता. टेंपोनं पाटी ओलांडली तशी घोषणा झाली, आणि आप्पाच्या खिशात मोबाईल थरथरला. आप्पा महाराष्ट्रात आलाय, हे मोबाईलला आधी कळलं होतं. आप्पानं खिसा मुठीत दाबून धरला.

लोक उतरले, कुणी रस्त्यावरच डोकं टेकलं. रुक्माबाई काठी टेकत त्याच्याजवळ आली.

"परशराम, तू हुबा ऱ्हातोस ती जागा दाव गा. तितलीच माती न्हेनार मी. मालकाच्या फोटूपुडं ठेवती."

जांभळ समोरच होती, बुडाशी आप्पाच्या चपलांनी माती गुळगुळीत झालेली. आता सांगावं, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं. म्हातारीनं पदर पसरून धरला होता.

त्यानं हात उचलला आणि जांभळीकडं पाठ करून लांबचा बांध दाखवला. तिथं त्यानं कधी पाऊलसुद्धा ठेवलं नव्हतं. "ततं, आक्का. त्या बांधावर."

निदान ती माती तरी चांगली होती.

म्हातारी काट्याकुट्यातून कशीबशी तिथवर गेली. ओंजळभर माती पदरात बांधून परत आली. त्यातली चिमूटभर तिनं बोटावर घेतली.

"आदी तुजा मान," म्हणाली, आणि त्याच्या कपाळाला लावली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आप्पाला मान वर करवेना. युवराजनं तेवढ्यात फोटो काढला. मालुबाईनं तो मोठा करून देव्हाऱ्याशेजारी लावलाय. त्यात आप्पा महाराष्ट्राला नमस्कार करताना दिसतो.