सहा सुया

कौशल्याबाईंनी चंची तिसऱ्यांदा उलटी करून झटकली. मेणाचा खडा पडला, सुपारीचा चुरा पडला, पितळेचं अंगुस्तान घरंगळत उंबऱ्याशी जाऊन थांबलं. सुया सहाच. ओसरीवर पसरलेल्या पांढऱ्या फडक्यावर त्यांनी त्या ओळीनं मांडल्या, डोळ्यांनी मोजल्या, आणि डोळ्यांचा काही नेम नाही म्हणून पुन्हा बोटानं मोजल्या. सहा. सातवी नव्हती, आणि नव्हती ती नेमकी आईची, सगळ्यांत बारीक.

एका सुईचं एवढं काय, दुकानात पुडाभर मिळतात, असं कुणी म्हणालं असतं तर बाईंनी त्याला ओसरीवरून खाली उतरवलं असतं. ही चंची त्यांच्या आईनं लग्नात दिलेली. सोनं द्यायला होतंच कुठं! चंचीत एक कातर, एक अंगुस्तान आणि सात सुया. कातरीला खामगावच्या सईदभाईनं इतक्या वेळा धार लावली होती की पातं निम्मं झिजलं होतं, तरी बाई नवी घेऊ देत नसत. चंची दिवसा कमरेला, रात्री उशाखाली. गजेंद्र, त्यांचा मुलगा, चिडवायचा, "माय, हे वरतं नेतं का संगं?" आणि त्या म्हणायच्या, "तिथंही लेकरं असतीन नं बे. त्याइले दुपटी कोन शिवन?"

पण आज सुई हरवल्याचं दुःख नव्हतंच. आज त्यांना भीती वाटत होती.

दुपटं शिवायची त्यांची एक रीत होती. जुन्या लुगड्याचे चार थर एकावर एक घालायचे. ते सरकू नयेत म्हणून आईची बारीक सुई थरांमध्ये आडवी टोचून ठेवायची आणि दुसऱ्या सुईनं टाके घालत यायचं. कड पुरी झाली की थर धरणारी सुई काढायची, साती सुया मोजायच्या आणि मगच उठायचं. परवा त्यांनी मोजल्या नाहीत. नात पूनम बाळंतपण आटोपून सासरी निघाली होती, वडनेर भोलजीला. जीप दारात येऊन भोंगा वाजवत होती आणि दुपट्याची चौथी कड अजून हातातच होती. बाईंनी ती घाईघाईनं मारली, दोरा दातानं तोडला आणि दुपटं सुनेच्या, गीताबाईच्या, हातात दिलं. ती सुई काढल्याचं त्यांना काही केल्या आठवत नव्हतं.

आणि परवापासून दीड महिन्याची काजल त्याच दुपट्यावर निजत होती.

लहानपणी त्यांच्या मावशीनं सांगितलं होतं, सुई अंगात शिरली की रक्तासंगं चालत जाते आणि काळजापाशी जाऊन थांबते. खरं की खोटं देव जाणे. पण मन चिंती ते वैरी न चिंती. बाईंच्या डोळ्यांपुढे ते इवलंसं हातपाय झाडणारं लेकरू आलं.

घरात कुणी नव्हतं. गजेंद्र आणि गीताबाई सकाळीच कपाशीच्या वेचणीला गेले होते. बाईंनी मोबाइल घेतला. एक नंबरचं बटण दाबून धरलं की पूनम, असं पूनमनंच त्यांना शिकवून ठेवलं होतं.

"पूनम, काजल कशी हाये व?"

"आता झोपली. रातभर रडली, आजी. कोनालेच झोपू नाई देल्लं."

"रडली? काऊन रडली?"

"लेकरू हाये. रडनच नं."

मागून पूनमच्या सासूचा, सरस्वतीबाईंचा, आवाज आला. शेजारीण आली होती वाटतं. सरस्वतीबाई तिला दुपटं दाखवत होत्या. "सत्तरीच्या वर हाये म्हातारी, पन टाका पाहा. मशीन झक मारन."

सांगायचं ते बाईंच्या जिभेवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं. एकदा बोललं की संपलं. म्हातारी आंधळी झाली, लेकराखाली सुई घालून देल्ली तिनं, हे वडनेरला दुपारपर्यंत आणि इथं पिंपळगावला संध्याकाळपर्यंत पोचलं असतं. मग दुपटं शिवून घ्यायला जुनं लुगडं घेऊन दारात कोण येणार होतं?

"ते दुपटं तिच्याखाली नको टाकू," त्या म्हणाल्या. "रंग जाते त्याचा. लेकराच्या अंगाले लागन. घडी करून बाजूले ठेव."

"हो आजी."

पूनम कशालाही 'हो आजी' म्हणत असे.

बाईंनी फोन ठेवला. मग सहा सुया चंचीत घातल्या, चंची कमरेला खोचली, पायात चपला सरकवल्या आणि कुलूप लावून किल्ली शेजारच्या हुस्नबानोकडे दिली.

"गीताले सांगजो, वडनेरले गेली म्हनून."

"अकेल्याच? काय झालं, बाई?"

"काई नाई. लेकरू सपनात आलं."

नांदुऱ्यापर्यंत एसटीत त्या खिडकीशी बसल्या होत्या, पण बाहेर काय गेलं ते त्यांना सांगता आलं नसतं. आपण खरं काऊन नाई बोललो? दोन शब्द तर होते. सुई हाये, काढ. एवढंच. सत्तरी ओलांडलेली बाई आणि आपली लाज लेकराच्या जिवापेक्षा मोठी केली! त्यांना स्वतःचा संताप आला. त्यांनी पुन्हा फोन काढला. पूनमनं उचलला नाही. आणखी एकदा लावला. तरी नाही. का उचलत नसेल? दवाखान्यात तर नेलं नसेल? पुढच्या सीटवरची बाई मागे वळून म्हणाली, "बरं वाटून नाई राह्यलं का, आजी?" तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपण मोठ्यानं बोलत होतो. देवा, टोचायचीच असन तं मले टोच, असं काहीतरी.

नांदुऱ्याहून काळीपिवळी जीपनं त्या वडनेरला उतरल्या तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. पूनमच्या घराचं दार उघडंच होतं. आत पूनम डाळ निवडत होती. तिच्या शेजारी चटईवर दुपटं अंथरलेलं, आणि दुपट्यावर काजल उताणी झोपलेली.

बाईंनी चपलाही काढल्या नाहीत. सरळ जाऊन त्यांनी लेकरू उचललं.

"अवं आजी! तू कशी आली? फोन तरी करायचा."

"केला. दोनदा केला."

"चार्जिंगले लावला होता."

बाई ऐकत नव्हत्या. त्या काजलची पाठ चाचपत होत्या, मान, बगला, कंबर. लेकरू जागं होऊन कुरकुरायला लागलं. त्यांनी झबलं वर केलं. डाव्या मांडीवर लाल गाठ होती. बोराएवढी, मध्ये बारीक टिपका. बोट लागलं तसं काजलनं जोरात टाहो फोडला. त्या लेकरासकट भिंतीला टेकून खाली बसल्या.

"तिथं नको हात लावू," पूनम म्हणाली. "काल नर्सबाई आली होती, दीड महिन्याची लस देल्ली. त्याच्यानंच तं रातभर रडली."

"लस?"

"हाव. उजव्या मांडीलेही हाये, पाह्य."

उजव्या मांडीलाही होती. लहान गाठ, तसाच टिपका. बाईंनी लेकराला छातीशी धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांनी पुसलंही नाही. लस झाली, हे खरं. पण सुई? सुई तर अजून होतीच.

"मी म्हटलं होतं नं, दुपटं नको टाकू म्हनून."

"सासूबाईले लय आवडलं. त्याइनंच टाकलं."

सरस्वतीबाई चहा घेऊन आल्या तोवर बाईंनी दुपटं मांडीवर ओढलं होतं. "टाका कुठं उसवला का पाह्यतो," असं म्हणत त्या बोटं फिरवायला लागल्या. डोळे मिटूनच. चार थरांतली बारीक सुई डोळ्यांना थोडीच दिसते. ती बोटाला लागते, तीही लागली तर. पहिली कड झाली. दुसरी झाली. मधला भाग त्यांनी इंच इंच चिमटीत धरून दाबला. तिसरी कड. चहावर साय धरली.

"राहू द्या न, आजीबाई," सरस्वतीबाई म्हणाल्या. "काय इतकं शोधता?"

चौथ्या कडेला बोटं थांबली. सुई नव्हती. टाके होते. बाईंचा टाका ज्वारीच्या दाण्याएवढा, एकेरी दोऱ्याचा, जरासा सैल, कापडाला श्वास घेऊ देणारा. इथं वीतभर जागेत दोरा दुहेरी होता आणि टाके आवळून घातले होते. कुणीतरी इथली शिवण उसवली होती, आणि परत घातली होती. त्यांनी तो भाग दोनदा तपासला. आत काही नव्हतं.

हा टाका त्या ओळखत होत्या. सव्वीस वर्षांपूर्वी नवी नवरी होऊन आलेल्या गीताबाईनं हौसेनं असंच दुपटं शिवायला घेतलं होतं. बाईंनी चारचौघींत म्हटलं, "हा टाका हाये का गळफास?" आणि तिच्या हातातली सुई काढून घेतली. त्यानंतर त्या घरात गीताबाईनं गुंडीसुद्धा लावली नाही. बाईंनाही ते बरंच वाटलं होतं. परवा दुपटं पिशवीत भरायला म्हणून ती आत गेली ती किती वेळ बाहेर येईना. गजेंद्र हाका मारून थकला, आणि आपणही म्हणालो, एक पिशवी भरायले इतका वक्त लागते का.

"चांगलं हाये," बाई म्हणाल्या आणि दुपटं काजलच्या खाली आपल्या हातांनी अंथरलं.

परतीच्या वाटेवर जीव हलका व्हायला हवा होता. झालाही, नांदुऱ्यापर्यंत. पुढे मात्र घर जवळ येऊ लागलं तशी दुसरीच काळजी लागली. आता गीता काय म्हणेल? आणि काहीच म्हणाली नाही तर?

दिवेलागणीला त्या घरी पोचल्या. गीताबाई चुलीपुढे भाकरी थापत होती. तिनं वर पाहिलं, पाण्याचा तांब्या पुढे केला.

"कशी हाये काजल?"

"बेस हाये. लस देल्ली तिले." बाई पाणी प्यायल्या. तांब्या खाली ठेवला. "दुपट्याची चौथी कड मजबूत शिवली तू."

गीताबाईचे हात परातीतच थांबले. मग तिनं ते पदराला पुसले, उठली, देवघराच्या कोनाड्यातून कागदाची पुडी आणली आणि बाईंपुढे जमिनीवर ठेवली. आत आईची बारीक सुई होती.

"घालून ठेवनार होती," ती म्हणाली. "चंची तुमच्या कमरेलेच असते. परवापासून सापडलीच नाई मोकळी. तुमी इतक्या लवकर मोजसान असं नाई वाटलं, आत्याबाई. मले ठाऊक असतं तं मी वावरात गेलीच नसती."

म्हणजे एरवी ती परत घालत होती, आणि आपण अंदाजानंच सात मोजून उठत होतो. बाईंना हे समजायला एक क्षण लागला. त्यांनी पुडीला हात लावला नाही.

"कवापासून?"

"प्रेमच्या वक्तापासून."

प्रेम म्हणजे पूनमचा थोरला. तीन वर्षांचा. बाईंनी मनात दुपटी मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

"डावा डोळा तं कवाचाच गेला," त्या म्हणाल्या. हे त्यांनी आजवर कुणाजवळ उच्चारलं नव्हतं. "उजव्यानं थोडं दिसते. गजेंद्रले नको सांगू. थो शिवू देनार नाई."

गीताबाई पुन्हा चुलीपुढे बसली. तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं.

"पहिली सुई त्याइलेच लागली होती," ती म्हणाली. "प्रेमचं दुपटं उचलताना. तळहातात निम्मी गेल्ती. त्याइनंच सांगितलं, मायले बोलू नको, तू फक्त पाहात जाय."

बाईंना तो आठवला, तीन वर्षांपूर्वी हाताला फडकं बांधून ओसरीवर बसलेला गजेंद्र. त्यांनीच त्याला हळद लावून दिली होती.

"तवा तं थो बाभळीचा काटा म्हने."

गीताबाईनं भाकरी उलटली.

"हाव," ती म्हणाली. "तसंच म्हनत होते."