ज्योत्स्नाची पाथ

"हॅलो... हॅलो... गावातील सर्व पालकांना कळविण्यात येते की..."

महादेवराव ग्रामपंचायतीच्या खोलीत माइकसमोर बसून बोलत होते आणि बाहेर चिंचेला बांधलेला भोंगा ते सगळं गावभर फेकत होता. येत्या रविवारी हिंगणघाटला आठवीच्या शिष्यवृत्तीची परीक्षा आहे. मुलं सकाळी शाळेजवळून गाडीने निघतील. कुमारी ज्योत्स्ना कवडू मडावी हिच्या पालकांनी शाळेत येऊन भेटावे. पुन्हा एकदा कळविण्यात येते की...

बटण बंद करून ते वळले तर दारात माधवी मॅडम उभ्या होत्या. आठवीचा वर्ग त्यांच्याकडे होता. मधली सुट्टी झाली की त्या रोज पंचायतीत डोकावून जात.

"आलं का कोणी, काका?"

"आत्ताच तर सांगितलं. येतील."

"कालही हेच म्हणालात. बाकीच्या मुलांच्या घरी फोनवर कळलं. हिच्या घरचा फोन बंद आहे. दिवाळीपासून पोरगी शाळेत नाही. दोनदा घरी जाऊन आले, दोन्ही वेळा कुलूप." मॅडम उंबऱ्यावरच टेकल्या. "पास होईल हो ती. बारावीपर्यंतची काळजी मिटेल तिची. नुसती त्या खुर्चीवर जाऊन बसली पाहिजे. मंदाकाकू असत्या तर..."

महादेवरावांनी माइकवर फडकं टाकलं.

मंदा त्यांची बायको. तिला जाऊन पोळ्यापासूनचे दिवस झाले होते. तापाचं निमित्त झालं आणि बाई गेली. ती शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष होती. शिक्षण म्हणाल तर चौथी, तीही अर्धी. पण पंचायतीत शाळेचं काही पत्र आलं की रात्री जेवताना ती महादेवरावांना खोदून खोदून विचारी. कोनासाठी हाय? पोरीले चालते का? मुदत कवापर्यंत? मग दुसऱ्या दिवशी महादेवराव भोंग्यावरून सांगत आणि शाळेच्या सभेला बाया गच्च भरत. तालुक्याचे साहेब म्हणत, या गावचे पालक जागरूक आहेत. महादेवराव मिशीतल्या मिशीत हसत. ही आपल्या आवाजाची करामत, असं त्यांना वाटे. आवाज खरंच चांगला होता. गणपतीत आरतीला लोक त्यांनाच पुढे करत.

पण या दिवाळीनंतरच्या सभेला चार खुर्च्या भरल्या होत्या, त्यातल्या दोन मास्तरांच्या.

"मी पाहतो," महादेवराव म्हणाले. "तुम्ही जा वर्गावर. तिची आई कापूस वेचायला असेल, मी वावरात जाऊन येतो."

वडनेरच्या रस्त्याला अण्णाजींचं वावर होतं. कापूस असा फुटला होता की लांबून चुना सांडल्यासारखा दिसत होता. पश्चिमेला ढग जमत होते आणि बायांनी अण्णाजींना बोली दिली होती, रविवारी संध्याकाळपर्यंत वावर साफ करून देतो. पाऊस पडला तर कापूस झाडावरच काळा पडणार होता. कमरेला कापूस भरायच्या ओट्या बांधून बाया वाकलेल्या होत्या. प्रत्येकीची आपली एक ओळ. तिला पाथ म्हणतात. एकदा पाथ धरली की टोकापर्यंत ती तिचीच.

महादेवराव धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, उभे राहिले, खाकरले, आणि सवयीने त्यांच्या तोंडून तेच निघालं.

"कुमारी ज्योत्स्ना कवडू मडावी हिच्या पालकांना कळविण्यात येते की..."

पहिल्यांदा कोणीतरी खुदकन हसलं, मग सगळ्या बाया हसल्या. हात मात्र कोणाचाच थांबला नाही.

"भाऊजी, भोंगा घरी इसरून आले का?" एकीने विचारलं.

"मी पालक हावो," मधल्या पाथेतून सखू म्हणाली. ज्योत्स्नाची आई. "सांगा. ऐकून राह्यली."

महादेवरावांनी सगळं सांगितलं. रविवार, गाडी, शिष्यवृत्ती. सखू "व्हय, व्हय" म्हणत पुढे सरकत गेली आणि त्यांचं बोलणं संपेस्तोवर इतकी दूर गेली की शेवटचं वाक्य त्यांनी तिच्या पाठीला सांगितलं.

जवळच कमलाबाई वेचत होती. गावातली सगळ्यात म्हातारी वेचणारी. तिने मान वर न करताच विचारलं, "महादेवा, तू कोनाले सांगून राह्यला? ढगाले?"

"भोंग्यावरून तीन दिवस सांगतो बाई. कोनी ऐकत नाई."

"तू दहा वाजता कुलूप उघडतं, अकराले बोलतं. आम्ही सातले वावरात राहतो. तुहा भोंगा बकऱ्या ऐकते. आतापर्यंत किती शिकल्या त्या, पाह्य एकदा."

बाया पुन्हा हसल्या. महादेवरावही हसले, पण थोडं उशिराने.

"आंधी तर सगळ्या येत होत्या सभेले."

"आंधी मंदा होती." कमलाबाईने बोंडातला कापूस एका झटक्यात ओढला. "ती येऊन धुऱ्यावर नोती उभी राहत. बाजूची पाथ धरे अन् वेचता वेचता सांगे. ज्या बाईची पोरगी, तिच्या बाजूची पाथ. दुसऱ्या दिवशी दुसरीच्या बाजूची. त्या गजेंद्राच्या पोरीचं, मयुरीचं, शाळा सोडवून लगन ठरवलं होतं ना? तिच्या मायच्या बाजूले चार दिवस वेचलं मंदानं. आता पोट्टी सेवाग्रामले नर्सिंग करून राह्यली. बाईचा हात चालू असला म्हंजे ती ऐकते, बावा. थांबवली का तिले नुसता उशीर दिसते."

महादेवराव उन्हात उभे होते. चार दिवस. मंदा तेव्हा घरी येऊन एवढंच म्हणाली होती, आज अण्णाजीकडे गेलती. गावच्या शाळेच्या भिंतीवर पास झालेल्या पोरींचे फोटो होते, ते एकेक त्यांच्या डोळ्यांसमोरून गेले. त्या सगळ्या पोरी या वावरातून गेल्या होत्या. त्यांच्या बायकोच्या बाजूच्या पाथेतून.

त्यांनी चपला धुऱ्यावर काढल्या आणि सखूच्या शेजारची रिकामी ओळ धरली.

"अव्वा," कोणीतरी म्हणालं, "बाप्या वेचाले लागला."

त्या गावात पुरुष कापूस पेरतो, फवारतो, बैलबंडीत भरतो, विकतो. वेचत नाही. महादेवरावांनी पहिलं बोंड धरलं तर त्याची वाळलेली टोकं बोटात घुसली. कापूस निघाला अर्धा आणि सोबत पत्तीचा चुरा. सखूने तिरप्या नजरेने पाहिलं.

"तीन बोटानं, भाऊजी. अन् मुळातून."

दोन-चार झाडं झाली. कळविण्यात येते सोडून दुसरी सुरुवात महादेवरावांना येत नव्हती. पलीकडच्या पाथेतून पोरीचा आवाज आला. ज्योत्स्ना. डोक्याला रुमाल बांधलेला, ओटी तिच्या अंगाला मोठी होत होती.

"आजी, एका रांगेत मनी डावीकडून सातवी हाय अन् उजवीकडून बारावी. तर रांगेत किती पोरी?"

"आंधी हे सांग," कमलाबाई म्हणाली, "मनी मंधातच काऊन घुसली?"

"सांग ना."

"एकोणवीस."

"अठरा. मनीले दोनदा मोजलं तू."

"जाड होती मनी," कमलाबाई म्हणाली.

महादेवरावांनी सखूकडे पाहिलं. "हे परीक्षेतलं हाय?"

"दिवसभर हेच चालू राहते तिचं. पुस्तक आणता येत नाई वावरात, त घरून पाठ करून येते अन् आम्हाले इचारते." सखूच्या आवाजात कौतुक होतं, आणि ते दिसू नये म्हणून तिने एक बोंड जरा जोरात ओढलं. "कमलामाय तर आता अर्धी आठवी पास झाली."

"मग पाठव ना तिले रविवारी."

सखूची दोन झाडं वेचून झाली, तिसरं झालं.

"भाऊजी, मले नाई का वाटत? पन बोली दिली आम्ही. कोनाच्या घरचे किती हात, हे पहिल्या दिवशी बसून ठरलं. माह्या घरचे मी दोन सांगितले, माहे अन् पोरीचे. पोरीचा बाप गुरं राखते, तो कुठून येईन? रविवारी पोरगी नाई आली त तिची पाथ या बाया ओढतील. ओढतील, कोनी तोंडावर बोलनार नाई. पन आमच्या टोल्यावरच्या, आदिवासी वस्तीतल्या बाईले यंदा पहिल्यांदा या बायायनी सोबत घेतलं. पहिल्याच सालात एक हात कमी?"

आता कुठे महादेवरावांना कळलं. तीन दिवस ते भोंग्यावरून परीक्षा सांगत होते. परीक्षा सखूला ठाऊक होती. अडलं होतं ते या ओळीपाशी.

"मी येतो," ते म्हणाले.

"कुठं?"

"इथं. रविवारी ज्योत्स्नाच्या पाथेवर मी. दोन हात म्हनले ना तू? हे दोन." त्यांनी हात दाखवले. उजव्या अंगठ्यातून थोडं रक्त आलं होतं.

या वेळी हसायला जरा वेळ लागला. मग कमलाबाईने कंबर सरळ केली आणि त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुह्यानं एका पोरीएवढं होनार नाई, महादेवा. अर्ध्या पोरीएवढं होईन."

"अर्धं तुम्ही पाहा मग."

"पाहू," कमलाबाई म्हणाली आणि पुन्हा वाकली. बाकीच्या कोणी काही बोलल्या नाहीत, म्हणजे ठरलं. सखूने पोरीला घरच्या गोंडी भाषेत हाक मारून काहीतरी सांगितलं. ज्योत्स्ना पाथेत उभी राहिली. तिने महादेवरावांकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि ती दुप्पट वेगाने वेचू लागली.

रविवारी सकाळी शाळेजवळून गाडी निघाली तेव्हा महादेवराव तिथे नव्हते. ते वावरात होते. सखूने तिची जुनी साडी फाडून त्यांना ओटी बांधून दिली होती. ओटी पँटवरून घसरायची, मग बायांनी ती खांद्यावरून बांधली. दुपारपर्यंत त्यांची पाथ सगळ्यांच्या मागे होती. दुपारनंतरही मागेच होती. पण एकदा त्यांनी मान वर केली तर त्यांच्या ओळीतली पुढची बरीच झाडं रिकामी दिसली. दोन्ही बाजूंच्या बाया जाता जाता हात टाकून गेल्या होत्या. त्यांनी कोणाला विचारलं नाही, आणि कोणी सांगितलं नाही.

ढग आले होते, पण पडले नव्हते. दिवस मावळायच्या आत वावर साफ झालं. बाभळीला काटा टांगला होता आणि अण्णाजी स्वतः वजन करत होते.

"महादेवराव, कापूस आणला का पत्ती?" त्यांनी गाठोड्यात हात घालून विचारलं.

"आमच्या पंचायतीचा कापूस हाय तो," कमलाबाई म्हणाली. "त्यात कागद निघन."

"कोनाच्या नावानं धरू हे?"

"ज्योत्स्ना मडावी," महादेवराव म्हणाले. ते नाव त्यांनी तीन दिवस भोंग्यावरून घेतलं होतं. आज ते हळू घेतलं, आणि पहिल्यांदा ते त्यांना नीट ऐकू आलं.

वजन झालं आणि अण्णाजींच्या गड्याने गाठोडी बंडीत चढवायला घेतली. एवढ्यात गाडी रस्त्यावर थांबली. ज्योत्स्ना शाळेच्या गणवेशातच वावरातून पळत आली आणि आईपाशी येऊन थांबली. सगळ्या बाया तिच्याकडे पाहत होत्या.

"कसा गेला?" सखूने विचारलं.

"दोन गणितं राह्यली. बाकी सगळं झालं. मनीचं गणित आलतं, आजी. पोरगं होतं, पन गणित तेच."

"मंधातच होतं का ते बी?"

"मंधातच."

"नुसते घुसतेत," कमलाबाई म्हणाली, आणि पदराने डोळे पुसले. धूळ गेली म्हणाली.

सखूने पोरीचा हात धरला. उत्तराचे गोल भरून भरून बोटाच्या टोकाला निळी शाई लागली होती. पोरगी ती गणवेशाला पुसायला गेली तर सखूने मनगट पकडलं.

"राहू दे."

"शाई हाय माय, जाईन धुतली का."

"माहीत हाय. आज राहू दे. उद्या धूजो."

बंडी भरली. शेवटचं गाठोडं काही केल्या बसेना, आणि ते ज्योत्स्नाच्या पाथेचं होतं. गडी म्हणाला, दुसरी खेप करतो. महादेवरावांनी रुमालाची चुंबळ केली, डोक्यावर ठेवली आणि वाकले. कमलाबाईने मागून हात लावला.

गावात शिरताना पानटपरीवर नेहमीची माणसं बसली होती. बायांच्या रांगेत, डोक्यावर कापसाचं गाठोडं घेऊन, कानामिशीला कापूस लागलेला पंचायतीचा माणूस येताना पाहून त्यांचं बोलणं थांबलं. एकाने विचारलं, "महादेवराव, हे काय?"

मान वळवता येत नव्हती. त्यांनी तशीच ताठ ठेवली.

"पोरगी परीक्षेले गेलती," ते म्हणाले, आणि रांगेतली आपली जागा न सोडता पुढे चालत राहिले.